‘कुणाचं?’ विचारणाऱ्या माळी मॅडम

आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर खोलीतला फळा शिपाई रोज पुसायचा, पण उजवीकडचा खालचा कोपरा सोडून. तिथं माळी मॅडमच्या बारीक अक्षरात एक नाव असायचं. त्या दिवशी शिकवलेली गोष्ट मॅडम स्वतः ज्याच्याकडून शिकल्या, त्याचं नाव. कधी ‘क्लासचे जोशी सर’, कधी ‘माझी धाकटी बहीण’. एकदा तर ‘आरती, नववी ब’ असं होतं, कारण आदल्या दिवशी आरतीनं त्यांना एक सोपी युक्ती दाखवली होती. ती पोर पुढचा आठवडाभर त्या कोपऱ्याजवळच्या बाकावरून हलली नाही.

मी त्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. शाळा माण तालुक्यातली, म्हसवडपासून फार लांब नाही. मॅडम मूळच्या तासगावच्या, आमच्याकडे कंत्राटी. संस्थेनं दर जूनला मुदत वाढवली तर राहायचं, नाहीतर सामान आवरायचं, अशी नोकरी. उंच, शिडशिडीत बाई. चष्म्याला काळी दोरी आणि चालणं असं की मागून हाक मारली तरी दहा पावलं पुढं जाऊन मग थांबायच्या. शाळेत मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. वर्गात उभ्या, स्टाफरूममध्ये उभ्या, डबासुद्धा खिडकीच्या कठड्यावर ठेवून उभ्यानं खायच्या. कुणी खुर्ची पुढं केली तर म्हणायच्या, “बसले की मला सुचत नाही.”

सुट्टीहून येताना त्या बेदाणा आणायच्या. त्यांच्या घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड होतं. पण बेदाणा एका पिशवीत कधीच नसायचा. कागदाच्या वेगवेगळ्या पुड्या असायच्या आणि वाटताना त्या सांगायच्या, “हा आमचा. हा पिवळा आहे तो थोरल्या चुलत्यांचा. हा काळा शेजारच्या बागेतला, मागून आणलाय.” आमचे इतिहासाचे गुरव सर एकदा चेष्टेनं म्हणाले, “मॅडम, तोंडात गेल्यावर कळतंय व्हय कुणाचा हाय ते?”

“खाणाऱ्याला नसेल कळत, सर. ज्यानं शेडात रात्रंदिवस राखण केली त्याला कळतं.”

याच गुरव सरांनी पुढं एका निरोप समारंभात एक कविता म्हटली. बऱ्यापैकी होती. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, “सर, कुणाची?” गुरव सर लाल झाले. ती त्यांना मोबाइलवर आली होती आणि खालचं नाव त्यांनी म्हणताना गाळलं होतं. मॅडमना त्यांना खाली पाहायला लावायचं नव्हतं. त्यांना खरोखरच कवीचं नाव हवं होतं. पण तेव्हापासून स्टाफरूममध्ये त्यांच्या माघारी त्यांचं नाव ‘कुणाचं मॅडम’ पडलं. तेव्हा मीही हसलो होतो.

पोरांना मात्र त्या आवडायच्या. नेटवरची चित्रं प्रकल्पात चिकटवू नका, असं त्यांनी सांगितल्यावर एका पोरानं हात वर केला. “मॅडम, नेटवर उघडं पडलंय म्हंजी फुकटच की.”

“तुझ्या आजोबांची म्हैस रस्त्याकडेला बांधलेली असते. उघड्यावरच असते ना? कुणी सोडून नेली तर चालेल?”

“आजा तंगडी मोडंल त्येची.”

“मग मागायची. आजोबा नाही म्हणाले तर दुसऱ्याकडं मागायची. नाहीतर स्वतःची पाळायची.”

वर्ग हसला. त्यानंतर त्या पोरांनी स्वतःची चित्रं काढली. मेंढरं वाकडीतिकडी होती, एकाला तर पाचवा पाय वाटावा अशी शेपटी होती. पण मॅडम म्हणाल्या, राहू दे, तुमचं आहे.

ही मेंढरं एका खेळासाठी होती. सांगलीला शाळकरी मुलांची प्रोग्रॅमिंगची स्पर्धा होती. आमच्याकडच्या पोरांच्या घरी काय चालतं, त्यावरच खेळ करायचा असं मॅडमनी ठरवलं. दिवाळीनंतर आमच्याकडचे धनगर मेंढरं घेऊन पाण्याच्या मुलखात, कृष्णाकाठाकडे उतरतात. खेळणाऱ्यानं तो कळप सांभाळत न्यायचा. वाटेत पाणी शोधायचं, हायवे ओलांडायचा, कुणाच्या उभ्या उसात मेंढरू शिरू द्यायचं नाही. संध्याकाळ झाली की कळप एका शेतात बसतो आणि ढोलाबरोबर ओवी सुरू होते. आरती त्या गटाची म्होरकी.

ओवी कुणाची घ्यायची हे ठरवायला कुणाला विचारावं लागलं नाही. आमच्या भागात म्हाकू आबांचा आवाज माहीत नसलेला माणूस विरळा. त्यांची एक जुनी कॅसेट होती. ती लग्नात, जत्रेत, टेम्पोत, सगळीकडे वाजायची आणि आता मोबाइलवरही फिरत होती. पोरं म्हणाली, तीच घालू. मॅडमनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात विचारलं, “कुणाची?” आणि दुसऱ्या रविवारी आम्ही दोघं शाळेचा लॅपटॉप आणि माइक घेऊन आबांच्या वाडीला गेलो. गाडी माझी होती.

आबा घोंगडं टाकून पडवीत बसले होते. पलीकडच्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात मेंढरं, त्यांचा वास सगळीकडे. मॅडमनी खेळ दाखवला. आबांनी पडद्याजवळ डोळे नेऊन पाहिलं आणि म्हणाले, “ह्या मेंढराला पाच पाय हायत.”

“ती शेपूट आहे, आबा.”

“लय जाड हाय.” मग थोडं थांबून, “कॅशेट हाय की. तीच लावा. मला कशाला इचारता? मला तवा बी कुणी इचारलं न्हाई.”

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. कॅसेटवाले त्यांना गाडीतून मिरजेला घेऊन गेले होते. काचेच्या खोलीत गायला लावलं. घरी आल्यावर कॅसेट ऐकली तर ओवीची शेवटची ओळ नव्हतीच. “म्हनले, टेप भरली. माज्या वस्तादाचं नाव व्हतं त्या वळीत. आमच्यात ओवी ज्येनं बांदली त्येचं नाव घेतल्याबिगर ओवी फिटत न्हाई.”

“वस्ताद काय म्हणाले?” मॅडमनी विचारलं.

“जित्ता व्हता तवा. माज्या शेजारीच बसून ऐकली त्येनं. कायबी बोलला न्हाई. उठून मेंढरांकडं गेला. मग मी बी देवळाभायेर गायलो न्हाई.”

मॅडम म्हणाल्या, “आबा, तुम्ही आता म्हणा. मी इथंच रेकॉर्ड करते. कॅसेट नको.”

“म्हनतो. पर वळ कापायची न्हाई.”

“नाही कापणार. माझा शब्द.”

“तुजा, का शाळंचा?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “शाळेचाच, आबा.”

आबांनी खाकरून सुरुवात केली. आवाज फाटला होता, मध्ये दम लागायचा, एक कोंबडी ओरडत फिरत होती. तरी अंगावर काटा आला. ओवी निम्म्यावर असताना माझा फोन वाजला. संस्थेचे अध्यक्ष होते. मी उठून बाहेर गेलो, वाघरीपाशी उभा राहून बोलत राहिलो. परत आलो तेव्हा आबा पाणी पीत होते आणि मॅडम ओढणीनं चष्मा पुसत होत्या.

“झालं?”

“शेवटपर्यंत झालं, सर.”

परतताना गाडीत मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. ती शेवटची ओळ पाठ करत असाव्यात. कच्चा रस्ता, गाडीचा खडखडाट, मला काही ऐकू आलं नाही. मीही विचारलं नाही.

इथपर्यंतचं सगळं सांगायला मला बरं वाटतं. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या भागात लोक अजून मानतात की माळी मॅडमनी आबांना फसवलं. ते खोटं आहे.

स्पर्धेच्या आधी मॅडमना अचानक तासगावला जावं लागलं. अवकाळी पाऊस आला होता आणि शेडावर टाकलेला माल झाकायला घरी माणसं कमी होती. त्या गेल्या आणि नेमके अध्यक्ष शाळेत खेळ बघायला आले. स्पर्धेच्या साइटवर खेळाचा छोटा व्हिडिओ चढवायचा होता, तो मी त्यांना लावून दाखवला. ओवी सुरू झाली. अध्यक्ष म्हणाले, “म्हातारा खोकतोय की हो. हे सांगलीत ऐकवणार? नाक कापून घ्यायचं आहे का?”

मी म्हणालो, बघतो. अध्यक्ष गेल्यावर मी आरतीला बोलावलं. जुन्या कॅसेटची ओवी माझ्या मोबाइलवर होती. खणखणीत आवाज, मागं ढोल. आरतीला म्हणालो, ही घाल.

“सर, मॅडमनी न्हाई म्हनलंय.”

“अगं, माणूस तोच, ओवी तीच. आबांनी परवानगी दिलीय ना? मग कुठली वाजली तरी काय?”

मला तेव्हा ते खरंच वाटत होतं, एवढं म्हणायला हरकत नाही. ज्यानं गायलं तो हो म्हणाला म्हणजे झालं. कॅसेटचा हक्क गाणाऱ्याकडे नसतो, काढणाऱ्या कंपनीकडे असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पण ती शेवटची ओळ? ती माझ्या डोक्यात आली होती. ती आली आणि मी तिला बाजूला सारलं. एक ओळ, कोण ऐकतंय.

“मॅडमला फोन करून इचारू का?”

“त्यांना मी सांगतो. आणि आधीची फाइल काढून टाक. दोन-दोन ठेवल्या की गोंधळ होतो.”

आरतीनं काढून टाकली. मॅडमना मी सांगितलं नाही. त्या स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी थेट सांगलीला आल्या, तेव्हा सगळं माझ्याकडच्या पेनड्राइव्हमध्ये होतं. हाताला बेदाण्याचा चिकटपणा अजून होता, पण चेहरा उजळला होता. पोरांना म्हणाल्या, “आबांना बक्षीस दाखवायला जायचं आपण.”

सकाळी परीक्षकांनी आम्हाला टेबलापाशी बोलावलं. तीन जण होते. त्यांनी आमचा व्हिडिओ लावला. मेंढरं चालत होती, संध्याकाळ झाली, कळप बसला, आणि आवाजच नाही. साइटनं आवाज बंद केला होता. त्यातले वयस्क परीक्षक म्हणाले, “या रेकॉर्डिंगवर एका कॅसेट कंपनीचा हक्क आहे, असं तिथून कळवलंय. तुम्ही तर लिहिलंय की आवाज स्वतः रेकॉर्ड केला.”

“आम्हीच केलाय, सर,” मॅडम म्हणाल्या. “काहीतरी चूक आहे. तुम्ही मूळ खेळ लावून बघा.”

त्यांनी खेळ लावला. ढोल वाजला आणि आबांचा तरुणपणचा आवाज त्या हॉलमध्ये घुमला. मॅडमना पहिल्या शब्दालाच कळलं. त्या आरतीकडे वळल्या. आरतीनं माझ्याकडे पाहिलं. ओवी संपत आली, आणि जिथं शेवटची ओळ यायची तिथं नुसतं मेंढरांच्या घंटांचं पोरांनी केलेलं वाजणं उरलं.

“हे कुणी घातलं?” परीक्षकांनी विचारलं.

मी बोलायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते, अध्यक्ष पहिल्या रांगेत बसले होते, बाजूला दुसऱ्या शाळांचे मुख्याध्यापक उभे होते. मी म्हणालो, “सगळं मॅडमच बघत होत्या. नजरचुकीनं झालं असेल.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून ती अजून जात नाही. बेदाण्याची पुडी उघडावी आणि आत दुसऱ्याच बागेचा माल निघावा, तसं काहीतरी होतं. मग त्या परीक्षकांना म्हणाल्या, “जबाबदारी माझी आहे. मुलांना काही बोलू नका.”

आमचा खेळ स्पर्धेतून काढला. परीक्षकांनी मुलांना समजावून सांगितलं, चांगलं बोलले. आरती रडत होती. तिला मी नंतर बाजूला घेऊन म्हणालो, झालं ते झालं, कुणाला काही बोलू नकोस. चौदा वर्षांच्या पोरीला मी ते सांगितलं.

परत येताना विट्याच्या अलीकडे चहाला थांबलो. मॅडम माझ्याजवळ आल्या. “सर, आधीची फाइल आहे ना?”

“नाही. काढून टाकली.”

त्या टपरीबाहेरच्या बाकड्यावर बसल्या. गाडीतली सीट सोडली तर तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहिलं. चहा निवून गेला. मी म्हणालो, पुन्हा रेकॉर्ड करू.

पण पुन्हा रेकॉर्ड व्हायचं नव्हतं. अध्यक्षांनी कॅसेटच्या ओवीचा तो व्हिडिओ, आवाजासकट, स्पर्धेच्या आधीच गावच्या सगळ्या ग्रुपांवर पाठवला होता. आबांच्या नातवानं तो आबांना ऐकवला. शेवट ऐकून आबा म्हणाले, “मास्तरीण बी कॅशेटवालीच निगाली.” हे वाक्य वाडीतून आमच्या शाळेपर्यंत यायला एक दिवससुद्धा लागला नाही.

मॅडम वाडीला गेल्या. आबा बाहेर आले नाहीत. सुनेनं पाणी दिलं आणि म्हणाली, “त्यांला बरं न्हाई.” वाघरीच्या पलीकडे आबा उभे असलेले मॅडमना दिसत होते. हे त्यांनी मला माझ्या केबिनमध्ये, उभ्यानंच सांगितलं.

“सर, मी कुणाला काही सांगणार नाही. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे. तेवढं आबांना सांगा, मी वळ कापली न्हाई.” एरवी शुद्ध बोलायच्या, त्या दिवशी बोली आली. “माझं ते ऐकून घेत न्हाईत. तुमचं ऐकतील. शब्द तुमी बी दिला होता.”

मी म्हणालो, जातो.

त्या जूनमध्ये मॅडमची मुदत वाढली नाही. संस्थेच्या सभेत अध्यक्ष म्हणाले, शाळेची बदनामी झाली. मी मान हलवली. मॅडमनी कॉम्प्युटर खोलीची किल्ली टेबलावर ठेवली, पोरांना बेदाणा वाटला आणि गेल्या. पुढं कळलं, शिरवळच्या एका कारखान्यात ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करतात. शिकवणं सुटलं. फळ्याचा तो कोपरा शिपाई कितीतरी दिवस सोडून देत होता. नवीन शिक्षक आले, त्यांनी सगळा फळा पुसायला लावला.

आबांकडे जायला मी खरंच निघालो होतो. एकदा वाडीच्या फाट्यापर्यंत गाडी नेली. तिथं एक पोरगं मेंढरं वळत होतं, त्यानं विचारलं, “गुरुजी, कुणाकडं?” मी म्हणालो, असाच आलो होतो, आणि गाडी वळवली. मग निवृत्ती झाली. मग मुलाकडे पुण्याला. मग गुडघे. कारणं मिळत गेली. आबा गेल्याची बातमी गेल्या वर्षी मोबाइलवर आली.

त्यांच्या दहाव्याला मी गेलो. जुना मुख्याध्यापक म्हणून मला पुढं खुर्ची दिली, बोलायला लावलं. माइक हातात होता. समोर सगळी वाडी बसली होती, मी जे बोलायला हवं होतं ते ज्यांनी ऐकायला हवं होतं, तेच हे लोक होते. मी आबांच्या आवाजाबद्दल बोललो. लोककलेचा ठेवा वगैरे बोललो. आणि खाली बसलो.

बसताना मला मंडपाच्या कडेला, शेवटच्या खांबापाशी माळी मॅडम दिसल्या. केस पिकले होते. चष्म्याची काळी दोरी तीच. उभ्या होत्या. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं, पाणीही कुणी नेऊन दिलं नाही. एक बाई शेजारणीला म्हणाली, “हीच न्हवं ती?”

मग नातवानं स्पीकर लावला. कॅसेटचीच ओवी. दुसरी आहेच कुठं? आबांचा खणखणीत आवाज माळावर पसरला, बाया डोळ्यांना पदर लावायला लागल्या. ओवी संपली. स्पीकर खरखरत राहिला.

मी या वर्षभरात त्या शेवटच्या ओळीचा शोध घेतला. नातू सैन्यात आहे. सुट्टीवर आला तेव्हा विचारलं तर म्हणाला, “आबा कदी बोलले न्हाईत, आमी इचारलं न्हाई.” आबांबरोबर गाणारे कुणी उरले नाहीत. मॅडमचा नंबर माझ्याकडे आहे. लावला तर त्या उचलतील आणि वस्तादाचं नाव विचारलं तर सांगतील, याची मला खात्री आहे. म्हणूनच अजून लावलेला नाही. आधी हे सगळं लिहावं आणि मग लावावा, असं ठरवलं होतं. आता लिहून होत आलं आहे.

त्या दिवशी स्पीकर खरखरत असताना लोक उठायला लागले, भांड्यांचा आवाज सुरू झाला. मी खांबाकडे पाहिलं. मॅडमनी हात जोडले होते, डोळे मिटलेले होते, आणि ओवी जिथं तुटली होती तिथून पुढं त्यांचे ओठ हलत होते. एक ओळ म्हणायला लागतो तेवढा वेळ. मी बघत होतो. मला काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी चपला घातल्या आणि एसटीच्या फाट्याकडे चालायला लागल्या, नेहमीसारख्या भरभर.